माझ्या नावानं आलेले पाव्हणे

आमच्या मोठ्या मायच्या घरात कुणी एकट्यानं जेवत नसे. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. वऱ्हाडात थोरल्या काकूला असंच म्हणतात, आणि ती होतीही तशीच. वडिलांची नोकरी बदलीची, आईची प्रकृती तोळामासा, म्हणून मला पाचवीत तिच्याकडे आणून सोडलं, ते कॉलेजात जाईपर्यंत मी तिथंच वाढलो. गाव जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. मुख्य रस्त्यावर फाटा, फाट्यावर एक चहाचं हॉटेल, आणि तिथून आत पायवाटेसारखा रस्ता. सकाळी जाग यायची ती गोवऱ्या फोडल्याच्या आवाजानं. मग भाकरी थापल्याचा आवाज, मग बकऱ्या बाहेर काढणाऱ्यांची हाकाटी, आणि या सगळ्यावर मोठ्या मायचा आवाज, जो दोन घरं पलीकडे माणूस झोपला असेल तर त्यालाही उठवायचा.

त्या घराचा एक कायदा होता. पाव्हणा ज्याच्या नावानं आला, त्यानं त्याच्यासोबत ताटावर बसायचं. भूक असो नसो, आत्ताच जेवून उठलेला असो, बसायचं म्हणजे बसायचं. काकांच्या ओळखीचा माणूस बाजाराच्या दिवशी दारात आला की काका पुन्हा हात धुवायचे. काका गेल्यावर त्यांच्या नावानं येणाऱ्यांसाठी मोठी माय दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, शेतातून बोलावणं धाडायची. मला हा कायदा फार आवडायचा, कारण ज्या दिवशी घरात रोडगे असत त्या दिवशी मी शाळेतून एखादा मित्र मुद्दाम ओढून आणायचो, म्हणजे सगळ्यांबरोबर एकदा आणि मित्राबरोबर एकदा असं दोनदा जेवायला मिळायचं. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे, आत तेलाचे पदर घालून वळलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, मुठीनं फोडायचे आणि त्यात तूप ओतायचं. सोबत वरण आणि जीभ भाजेल अशी वांग्याची भाजी. जगभर हिंडून पोटात काय काय घातलं त्याची गणती नाही, पण भूक लागली की आजही मला त्या राखेचा वास येतो. आता डॉक्टरांनी तूप बंद केलंय, तरी येतो.

भटकायची खोड मला तिथंच लागली. शाळा बुडवून डोंगराकडे जाणाऱ्यांच्या मागे लागायचं, बाजारला आलेल्या माणसांबरोबर त्यांच्या गावापर्यंत जाऊन यायचं, मोठं झाल्यावर बसनं शेगावला जाऊन देवळाऐवजी स्टेशनावर बसायचं आणि गाड्यांवरच्या पाट्या वाचायच्या. कुठल्या तरी एका पाटीवरच्या गावाला मी जाणार याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. मोठी माय म्हणायची, "या पोट्ट्याच्या पायाले भवरा हाय." पण रागावली कधी नाही. परत आलो की आधी पाणी, मग जेवण, आणि जेवताना समोर बसून विचारायची, "हं, सांग आता. काय पाह्यलं?" मी सांगायचो. थोडं खरं, थोडं मीठमसाला लावून. लेखक म्हणून माझी पहिली श्रोती तीच, आणि तिच्याइतकं लक्ष देऊन पुढं कुणी ऐकलं नाही.

पुढं पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीत मला काम मिळालं. पर्यटकांच्या बॅगा मोजायच्या, आजोबांना गोळ्यांची आठवण करायची, आजींना सारखं "आता आलंच" म्हणायचं. नेपाळ झालं, श्रीलंका झाली, मग एकदा तुर्कस्तानला गट घेऊन गेलो आणि गट परत पाठवून मी तिथंच रेंगाळलो. एका रविवारच्या पुरवणीत माझं प्रवासाचं सदर सुरू झालं होतं. खिशात फार काही नसायचं, पण माणसं जेवू घालायची. खेड्यात बसमधून उतरावं, हसावं, पोटावर हात ठेवावा, की कुणी तरी घरी न्यायचंच. मी जेवायचो आणि त्यावर लिहायचो. यजमान किती दिलदार, रोटी किती मऊ, असं भरभरून लिहायचो. आतल्या खोलीत कोण राबतंय हे बघायला मी एकदाही उठलो नाही. हे मला फार उशिरा सुचलं.

अशाच एका थंडगार बसस्थानकात, पोटात कावळे ओरडत असताना मला मोठ्या मायचे रोडगे आठवले आणि मी एका बैठकीत लेख लिहून काढला. तिचा आवाज, तिचा कायदा, गोवऱ्यांचा धूर, सगळं आलं त्यात. शेवट करताना हात सैल सुटला. मी लिहिलं, कधी जळगाव जामोदकडे गेलात तर आमच्या मोठ्या मायकडे जा, माझं नाव सांगा, उपाशी परत येणार नाही. नुसतं एवढंच असतं तरी भागलं असतं, पण रंग भरायच्या नादात गावाचं नाव, फाटा, हॉटेलपासून डावीकडे वळायचं हेही लिहिलं. लेख गाजला म्हणे. मला ते कळायला बरेच महिने लागले, कारण तोवर मी आणखी पुढं गेलो होतो, मग काविळीनं आडवा पडलो होतो, आणि गावात फोन म्हणजे फाट्याजवळच्या दुकानात एकच, त्यावर बोलायचं तर मोठ्या मायला घरून बोलावून आणावं लागायचं. तेवढी सवड मला झाली नाही. सवड कसली, वेळ होता ढीगभर, पण डोक्यात आलं नाही असंच म्हटलं पाहिजे.

परत आलो तो उन्हाळ्यात. दाढी वाढलेली, अंगावरचे कपडे दुसऱ्याचे असावेत असे ढगळ, पँट सुतळीनं आवळलेली. फाट्यावरून चालत घराशी पोचलो तर दारात जीप उभी. ओसरीत अनोळखी माणसं पंगतीला बसलेली, नवरा, बायको आणि त्यांची दोन मुलं. शेगावला दर्शनाला आलेले, तिथून इकडे वळलेले. आणि पाव्हण्याच्या शेजारी, माझ्या जागेवर, दादा बसलेला. त्याच्या पायांना शेतातली माती तशीच होती आणि तो मान खाली घालून रोडगा कुस्करत होता. मोठी माय खांबाला टेकून बसली होती, थोडी वाळलेली, पण आवाज तोच. मी अंगणात लिंबाखाली थबकलो.

"मंग, कसा हाय आमचा बाळू?" तिनं पाव्हण्याला विचारलं.

"एकदम मजेत!" पाव्हणा म्हणाला. "परवाच बोलणं झालं आमचं. तुमची फार आठवण काढतो."

या गृहस्थांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"वाळला त नाही ना? परदेशात खायाले काय भेटत असन त्याले."

"छे छे, उलट अंग धरलंय त्यानं चांगलं."

मोठ्या मायनं समाधानानं मान हलवली आणि तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. काही क्षण तिनं मला ओळखलंच नाही. मग ती उठली, अंगणात आली, माझे दोन्ही दंड चाचपून पाहिले आणि ओसरीकडे वळून म्हणाली, "अंग धरलं म्हन्ते नं? हे पाहा बाप्पा, हे धरलं अंग!" पाव्हण्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. मोठ्या मायनं मात्र त्याच्या वाटीत आणखी तूप ओतलं. दादा उठला, हात झटकत म्हणाला, "बस बे. आता तुह्यं तू खाय." मी त्याच्या ताटापुढं बसलो. पाव्हण्यानं भराभर जेवण संपवलं.

ते गेल्यावर मी मागच्या स्वयंपाकघरात गेलो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, निखारे विझवत होती. मी कॉलेजात असताना ती या घरात आली आणि तेव्हापासून रोडगे तीच वळते, हे मला माहीत होतं. सुटीला आलो की डोळ्यांसमोर असायचं. तरी लेखात मी ‘मोठ्या मायच्या हातचे रोडगे’ लिहिलं, कारण ते वाचायला बरं वाटतं. वहिनीचे डोळे धुरानं लाल झाले होते, मनगटावर भाजल्याचे जुने-नवे डाग होते. "या भाऊजी, कवा आले?" म्हणाली, नेहमीसारखीच. तिनं मला फटकारलं असतं तर मी सुखानं जेवलो असतो.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी दादानं शेतात सांगितलं. "सुटी आली का गाडी दारात उभी राह्यते. कोनी पुन्याचे, कोनी नाशिकचे. सगळे म्हन्तात आम्ही बाळूभाऊचे. रोडगेच पाहिजेत सगळ्यायले, तुनं लिहलं नं तसं. मी निंदनाले लागलो का मायचं बोलावनं येते, चाल, जेवाले बस. एका दिवसात तीन खेप जेवलो मी. कपाशी राह्यली बाजूले, माह्यंच पोट वाढून राह्यलं." मी हसलो. तोही हसला, पण लगेच गंभीर झाला. "तुह्यी वहिनी म्हन्ते, आपन वेगळं निघू. पाव्हने मायचे हायेत, मायनं पाहावं. तिचं बी चुकत नाही. मी मायले कसं सांगू?"

वेगळं निघणं म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. एका छपराखाली दोन चुली. मोठ्या मायनं दिरांना, जावांना, माझ्यासारख्या उपऱ्या पोराला एकाच चुलीवर वाढवलं होतं. काका गेले तेव्हा नातेवाइकांनी काय काय सुचवलं होतं, पण तिनं घर फुटू दिलं नव्हतं. आता ते माझ्या एका ओळीनं फुटत होतं. मी मनाशी म्हटलं, ओळीनं बिघडलं ते ओळीनंच सुधारू. संध्याकाळी मोठ्या मायपाशी बसून मी म्हणालो की पुरवणीत लिहितो, लोकांना सांगतो येऊ नका.

"लिहू नको," ती म्हणाली.

"काऊन?"

"ते आले म्हंजे तुह्यी खबर भेटते."

"मोठी माय, त्यायले काय माहीत असते माह्यं? मनानं सांगतात ते. जेवाले घातलं म्हनून."

"मले समजत नाही का? एक म्हने तुह्यं लगन झालं. दुसरा म्हने तू हिमालयात बुवा झाला. एक बाई त रडली बी, म्हने त्याले तुमची लय आठवन येते. पन सांगतात तं. तुह्यापेक्षा जास्त सांगतलं त्याईनं."

तिनं तक्रार म्हणून हे सांगितलं नव्हतं, हिशेब म्हणूनही नव्हतं. मी असा आहे हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं आणि त्यातून स्वतःपुरती वाट काढली होती. वहिनीच्या पाठीचं मात्र काय, हा प्रश्न त्या वाटेत येत नव्हता.

तरी मी लिहिलंच. सरळ ‘येऊ नका’ लिहायला लाज वाटली, म्हणून सभ्यपणे लिहिलं की मोठ्या मायची तब्येत बरी नसते, वाचकांनी जाणं टाळावं. मी इतकी वर्षं हिंडलो, माणसं ओळखतो म्हणून मिरवलो, आणि आपली माणसं ओळखली नाहीत. म्हातारी आजारी आहे म्हटल्यावर कोण घरी बसणार? पुढच्या रविवारी लोक केळी, संत्री, बिस्किटांचे पुडे घेऊन आले. एकजण आपल्या ओळखीच्या वैद्यालाच गाडीत घालून घेऊन आला. मोठी माय अंगणात धडधाकट उभी राहून कुऱ्हाडीनं लाकडं फोडत होती, ती पाहून त्या सगळ्यांना कोण आनंद झाला! मग त्या आनंदात जेवण. त्या दिवशी वहिनी मी आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. "भाऊजी, पाया पडते तुमच्या, आता काही लिहू नका. तुमी लिहलं का पीठ संपते."

मग मी माझ्या अकलेचं दुसरं दर्शन घडवलं. सुटीच्या दिवशी सकाळीच फाट्यावर जाऊन हॉटेलच्या बाकावर बसलो. बाहेरची गाडी दिसली की पुढं व्हायचं, चौकशी करायची, आणि सांगायचं की मोठी माय गावाला गेली आहे, घरी कुणी नाही. चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. माझ्या दाढीमुळे मला कुणी ओळखत नव्हतं. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. वहिनी दुपारी चक्क आडवी झाली, दादानं सलग नांगरणी केली, मला वाटलं सुटलो. पुढच्या सुटीला एक म्हातारं जोडपं आलं, रिक्षा करून. आजोबांच्या हातात फळांची पिशवी होती. मी ठरलेलं सांगितलं. आजी म्हणाल्या, "असू दे हो, भेट नव्हती नशिबात." चहा नको म्हणाल्या. ऊन रणरणत होतं. रिक्षा वळून गेली तेव्हा माझ्या मनात काहीतरी खुपलं, नाही असं नाही, पण मी तिथंच बसून राहिलो.

त्यांनी जाता जाता पिशवी हॉटेलवाल्याकडे ठेवली होती, हे मी पाहिलं नाही. दिवेलागणीला तो स्वतः ती घेऊन घरी आला. साधा माणूस, त्याला वाटलं सगळ्यांना माहीत आहे. "मोठी माय, बाळूनं परतवले नं ते पाव्हने, ते म्हातारेकोतारे, हे तुमच्यासाठी देऊन गेले."

मोठ्या मायनं पिशवी घेतली. त्याला पाणी दिलं, चहा दिला. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "जेवले होते का ते?" मी म्हणालो, नाही. "पानी?" त्याचंही उत्तर नाही असंच होतं. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ताट वाढलं तर म्हणाली, भूक नाही. मी वहिनीकडे पाहिलं, मला वाटलं निदान ती तरी माझ्या बाजूनं असेल. हे सगळं तिच्यासाठीच तर केलं होतं. वहिनीनं भाकरीचं टोपलं झाकून ठेवलं आणि तीही जेवली नाही. "मी कटाळली होती भाऊजी," ती हळूच म्हणाली, "पन माह्या दारातून कोनाले परतवा, असं मी म्हटलं नोतं." दादा बाहेर जाऊन बसला. भरल्या घरात त्या दिवशी सगळे उपाशी राहिले, आणि मी सोडून कुणीही काही वाईट केलेलं नव्हतं.

सकाळी गोवऱ्या फोडल्याचा आवाज आला नाही. उठून पाहिलं तर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मोठी माय माती कालवत होती. नवी चूल घालत होती. गुडघे मोडून बसलेली, कोपरापर्यंत हात मातीत. वहिनी दारात उभी राहून रडत होती. "आजपासून तुम्ही वेगळे," मोठी माय तिला सांगत होती, आवाज न चढवता, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं. "रडू नको व माय. तुह्यं काही चुकलं नाही. दोन वक्ताचं तुम्ही तुमचं करा. पाव्हन्याचं मी पाहीन." वहिनी म्हणत होती की मी करते, मी करते सगळं, आता काही म्हणणार नाही. पण मोठ्या मायनं एकदा चिखलाला हात लावला की चूल होणारच होती. जे घर तिनं एवढी वर्षं एकत्र ठेवलं ते तिनंच आपल्या हातानं वेगळं केलं. दुसरा पर्याय होता तो माणसं परतवण्याचा, आणि त्यापेक्षा तिला हे बरं वाटलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मोठी माय, मी नाही जात आता. मी राहतो इथंच. माझे पाव्हणे, मीच बसेन त्यांच्यासोबत, मीच करेन." मी हे मनापासून बोललो होतो. त्या क्षणी मला तुर्कस्तान नको होतं, पुरवणी नको होती, काही नको होतं.

तिनं वर पाहिलं नाही. चुलीची कड अंगठ्यानं सारखी करत म्हणाली, "तू राहनारा असता तं ते आले कायले असते?"

मी खरंच राहिलो असतो, असं मला अजूनही वाटतं. आता गुडघ्यांनी जाग्यावर बसवल्यावर तर फारच वाटतं. पण मृगाच्या आधीच पुण्याहून कंपनीचा निरोप आला, गट तयार होता, व्हिसा झाला होता, आणि मी पिशवी भरली. जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही. दादानं खांद्यावर हात ठेवला, वहिनीनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मोठी माय फाट्यापर्यंत सोडायला आली. चालताना मीच बोलत होतो, फोन करीन, दर रविवारी करीन, दुकानात सांगून ठेव. ती "हाव, हाव" करत होती. फाट्यावर आम्ही हॉटेलच्या सावलीत उभे राहिलो. रविवार होता. शेगावच्या बाजूनं एक पांढरी गाडी आली आणि आमच्या समोरून डावीकडे, गावाच्या रस्त्याला वळली.

"जाते मी," ती म्हणाली. चुकून तिच्या तोंडून माझंच वाक्य आलं की काय असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुह्यी बस येईनच आता. घरी कोनी आलं दिसते, पाहू काय सांगतात तं." आणि माझी बस दिसायच्या आतच ती पदर सावरत घाईघाईनं घराकडे निघाली.